गडहिंग्लज, कागल की कोल्हापूर: घर कुठं परवडतं ते वहीत मांडायची रीत

"आत्ती, गडहिंग्लजला बारा लाखानं स्वस्त बसतंय. डोळं झाकून घ्यावं म्हणतोय."

दिवाळीत फराळाला आलेला भाचा चकली मोडत मोडत हे बोलला आणि मी आत जाऊन दोनशे पानी वही घेऊन आले. तो हसला. त्याला वाटलं आत्तीची शाळा सुरू झाली. खरंच झाली. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. गगनबावडा, शाहूवाडी, शिरोळ, आजरा आणि शेवटी करवीर अशा बदल्या झाल्या, आठ भाड्याची घरं बघितली आणि एक विकत घेतलं. कुठल्या तालुक्यात घर स्वस्त पडतं हे मला भाव विचारून कळलेलं नाही, महिनाअखेरीला पर्समध्ये काय उरतं त्यावरनं कळलंय.

भाचा कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, हातात ३४,००० येतात. भाचसून गडहिंग्लजला खाजगी दवाखान्यात नर्स, तिला १७,०००. लग्नाला वर्ष झालं तरी हा कागलात तीन मित्रांबरोबर खोलीत आणि ती माहेरी. घर घ्यायचंच होतं. प्रश्न फक्त कुठं. त्याच्यासाठी जी मांडणी केली तीच इथं देते. आकडे आम्हाला सांगितलेले आणि हिशेबाला धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून कुणी घेऊ नयेत. तुमचे आकडे तुम्ही घाला, रीत तीच.

पहिलं काम: तालुक्याची सरासरी विसरा, हद्द बघा. आपल्या जिल्ह्यात बारा तालुके, पण "करवीर तालुक्यात घराला काय भाव" हा प्रश्नच चुकीचा आहे. कोल्हापूर शहरातलं महागडं ताराबाई पार्क करवीरमध्ये आणि डोंगराकडेची वाडीही करवीरमध्येच. कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. म्हणून शहराला चिकटलेली कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उचगाव ही आजही ग्रामपंचायतीची गावं आहेत. काही ठिकाणी रस्त्याच्या एका अंगाला महापालिकेचा घरफाळा, म्हणजे घरपट्टी, आणि दुसऱ्या अंगाला ग्रामपंचायतीचा. त्यातच २०१७ पासून शहराभोवतीच्या ४२ गावांवर बांधकाम परवानगीसाठी प्राधिकरण आलं. इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली. तेव्हा वहीत वर तालुका लिहा, पण त्याखाली "हद्द: महापालिका / नगरपरिषद / नगरपंचायत / ग्रामपंचायत" असं स्पष्ट लिहा. मुद्रांक शुल्काचा टक्का, घरफाळा, पाणी, परवानगी सगळं त्या एका शब्दावर फिरतं.

दुसरं काम भावाचं. भाव तीन असतात आणि तिन्ही वेगळे निघतात: सरकारचा, कागदावरचा आणि तोंडचा.

सरकारचा म्हणजे रेडी रेकनर. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की दिसतो, नवे दर १ एप्रिलपासून लागतात. तिथं दर चौरस मीटरला असतो, आपण बोलतो चौरस फुटात, म्हणून १०.७६४ नं भागायचं. हा दर म्हणजे खरा भाव नव्हे, पण दोन गावं शेजारी ठेवून बघायला झकास, कारण मोजपट्टी एकच. आणि एक ध्यानात ठेवा. करारातली किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे येणारी किंमत यांत जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. एखादं घर फार स्वस्तात मिळालं तरी शुल्क स्वस्तात सुटत नाही.

कागदावरचा भाव म्हणजे सूची क्रमांक दोन, बोलताना सगळे इंडेक्स टू म्हणतात. माझ्या मते सगळ्या प्रकरणात हीच सगळ्यात कामाची गोष्ट, आणि दहातल्या नऊ लोकांना ती फुकट बघता येते हेच माहीत नसतं. त्याच संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, तालुका, गाव आणि मिळकतीचा नंबर घातला की त्या जागेचे नोंदवलेले व्यवहार दिसतात. मोबदला किती, शासकीय बाजारभाव किती, क्षेत्र किती, तारीख कुठली. नंबर कुठनं आणायचा? जे घर बघताय त्याच्या सातबारावरनं किंवा मिळकत पत्रिकेवरनं. मग त्याच गटातले, त्याच कॉलनीतले दोन-तीन वर्षांतले व्यवहार काढा. भाच्यानं गडहिंग्लजचं जे रो-हाऊस बघितलं होतं, त्याच ओळीतलं घर आदल्या वर्षी बऱ्याच कमी मोबदल्यात नोंदलेलं निघालं. एजंट म्हणाला, "कागदावर कमी दाखवलं असंल." असेलही. पण मग तोच कागद पुढं करून घासाघीस करायला आपल्याला कोण अडवतंय?

तोंडचा भाव सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा. एजंट सांगतो "चार हजारानं बसतंय." कशाच्या? सेलेबलच्या, म्हणजे भिंती, जिना, पॅसेज सगळं धरून सांगितलेल्या जागेच्या. कोल्हापूरच्या उपनगरातला जो फ्लॅट बघितला तो ३६ लाखांचा, सेलेबल ९०० चौरस फूट, म्हणजे ४,०००. रेराच्या, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीच्या, कागदावर कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, निघालं ६४०. ३६ लाख भागिले ६४०, झाले ५,६२५. गडहिंग्लजचं रो-हाऊस मात्र गुंठ्याच्या भाषेत सांगतात. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, पण ती जमीन झाली, घर नव्हे. म्हणून एकच नियम: चादर पसरता येते तेवढीच जागा मोजायची, सगळीकडची. आणि बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर वर जीएसटी धरा. ४५ लाखांपर्यंतच्या आणि आपल्याकडं ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला १ टक्का, त्याच्या पुढं ५. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही.

शेतजमिनीतले एक-दोन गुंठे नोटरीवर घ्यायचे प्रकार यादीतच धरू नका. दिसायला सगळ्यात स्वस्त रकाना तोच असतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, सातबाराला नाव लागायची खात्री नाही, बँक दारात उभी करत नाही. तो भाव नव्हेच.

आता कमाई. इथं शिकली सवरलेली माणसंसुद्धा चुकतात. घराची किंमत भागिले वर्षाची कमाई असं गुणोत्तर काढतात, जिथं आकडा लहान ते गाव परवडणारं म्हणतात. आम्हीही काढलं. गडहिंग्लजचं घर २४ लाख. दोघांचं महिन्याला ५१,०००, वर्षाचे ६.१२ लाख. गुणोत्तर ३.९. कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात भाचसुनेला २२,००० देतो म्हणाले होते, म्हणजे दोघांचे ५६,०००, वर्षाचे ६.७२ लाख. ३६ लाखांच्या फ्लॅटला गुणोत्तर ५.४. कागलात २८ लाखांचं एक घर होतं, तिथं राहूनही ती कोल्हापूरला नोकरीला जाऊ शकते, म्हणून कमाई तीच. गुणोत्तर ४.२.

"बघ की, गडहिंग्लजच," भाचा म्हणाला.

पण एक गोष्ट घडली होती ती त्याच्या नजरेतनं निसटली. गाव बदललं की घराची किंमत बदलते, तशी पगाराची पावतीही बदलते. जिथं घर स्वस्त, तिथं बहुतेक वेळा पगारही कमी आणि कामाला लांब. म्हणून जिल्ह्याची किंवा तालुक्याची कमाई धरायची नाही. त्या गावात राहून *तुमच्या* दोघांच्या हातात काय येणार, ते धरायचं.

मग महिन्याचा ताळेबंद. वहीत तीन रकाने आखले. साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरली तर दर लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो. हा एक आकडा पाठ करून ठेवा, एजंटच्या समोर बसून मनातल्या मनात हिशेब होतो. नऊ टक्क्याला ९००. त्याच्याजवळ घरात घालायला सहा लाख होते, म्हणून कर्ज अनुक्रमे १८, ३० आणि २२ लाख.

गडहिंग्लज: हप्ता १५,६२४. तिथनं एमआयडीसीपर्यंत एका बाजूनं ५० किलोमीटर धरलं, जाऊन-येऊन १००, महिन्याला २५ दिवस, २,५०० किलोमीटर. मोटारसायकलला पेट्रोल, ऑइल, टायर, सर्व्हिसिंग मिळून किलोमीटरला २ रुपये ६० पैसे धरले. झाले ६,५००. घरफाळा, पाणी, किरकोळ ७००. एकूण २२,८२४. हातात उरले २८,१७६.

कोल्हापूरचं उपनगर: हप्ता २६,०४०. गाडीचे ९०० किलोमीटर, २,३४०. तिचा केएमटीचा, म्हणजे शहर बसचा, खर्च ९००. मेंटेनन्स, घरफाळा, पाणी २,०००. एकूण ३१,२८०. उरले २४,७२०.

कागल: हप्ता १९,०९६. गाडी ५०० किलोमीटर, १,३००. ती एसटीनं कोल्हापूरला, मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, शिवाय स्टँडपासून पुढचं धरून १,५००. बाकी ९००. एकूण २२,७९६. उरले ३३,२०४.

भाच्यानं वही स्वतःकडं ओढली आणि पुन्हा बेरीज केली. दोनदा केली. गुणोत्तरात दुसऱ्या नंबरचं कागल इथं पाच हजारानं पुढं गेलं होतं. आणि गडहिंग्लज, जे फ्लॅटपेक्षा बारा लाखांनी स्वस्त, ते महिन्याला त्याच्यापेक्षा जेमतेम साडेतीन हजारांनी बरं होतं. त्या साडेतीन हजारांसाठी महिन्याला १,६०० किलोमीटर जास्त गाडी हाणायची. तासाला ३५ च्या चालीनं पंचेचाळीस तास. म्हणजे तासाला पाऊणशे रुपयांच्या मजुरीवर तो स्वतःचीच गाडी चालवणार होता, तीही पावसात, रात्रपाळी करून.

मी गडहिंग्लजला नावं ठेवत नाही. बाजार आहे, कॉलेजं आहेत, दवाखाने आहेत, माझी आजऱ्याची सगळी वर्षं खरेदीला तिथंच गेली. त्याची नोकरी त्या बाजूला असती तर मी दुसऱ्या रकान्याकडं बघितलंसुद्धा नसतं.

याच जागी सरकारी सवलतीचा एक रकाना जोडा, कारण ती किमतीच्या रेषेवर मिळते किंवा हुकते. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासूनच्या कर्जांना, वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कुठंही पक्कं घर नावावर नसलेल्या कुटुंबाला व्याजात सूट आहे, जास्तीत जास्त १.८० लाख. अट अशी की घर ३५ लाखांपर्यंतचं आणि कर्ज २५ लाखांपर्यंतचं. ३६ लाखांचा फ्लॅट एका लाखानं बाहेर. कागलचं घर आत. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट, २८ लाखांवर २८,००० रुपये. नवऱ्याचं नाव बरोबर घातलं की ती गेली. हे सांगितल्यावर भाचा जरा गप्प झाला, भाचसून मात्र पहिल्यांदाच वहीत वाकून बघायला लागली. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,०००. आणि शुल्क-नोंदणीचा पैसा साधारण आपल्याच खिशातनं जातो, दहा लाखांवरच्या घराच्या किमतीत बँक तो धरत नाही. सहा लाख आहेत म्हणून सहाचे सहा घरात ओतू नका.

आता पाणी. दोन्ही अर्थानं.

नळाचं पाणी आधी. आम्ही घर घेतलं ते शहराला लागून, ग्रामपंचायत हद्दीत. कुठलं गाव ते सांगत नाही. बघायला गेलो ऑगस्टमध्ये, टाकी भरून वाहत होती. पहिल्याच मार्चमध्ये टँकर. शेजारणी गल्लीच्या तोंडाशी घागरी लावून बसलेल्या, आणि मी शाळेतनं येऊन हातात पाइप धरून उभी. त्या उन्हाळ्याचा टँकरचा खर्च मी वहीत बाराने भागून लिहिला, तेव्हा स्वस्त घेतल्याचा आनंद निम्मा झाला. म्हणून घर एप्रिल-मेमध्ये बघायला जा. पाणी किती दिवसांआड येतं, किती वाजता येतं, वरच्या टाकीत चढतं का, हे घरमालकाला नव्हे, शेजारणीला विचारा.

आणि पुराचं पाणी. २००५ मध्ये मी शिरोळ तालुक्यात भाड्यानं होते. गंमत बघा, शिरोळला पाऊस गगनबावड्याच्या मानानं काहीच नाही. तिकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं जातो, इकडं पाच-सहाशे. पण तिकडं पडलेलं पाणी इकडं घरात येतं. घरमालक रात्री कंदील घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, ट्रंक वर टाका आन चला." मी सर्टिफिकेटं घेतली, गॅसची शेगडी विसरले. बारा दिवसांनी परत आले तर भिंतीवर खिडकीच्या दांडीइतकी चिखलाची रेघ होती, आणि स्विचबोर्ड उघडला तर आतनं गाळ ओघळला. त्या वासाचं वर्णन करता येत नाही, कपाटातल्या साड्यांना तो पुढचं वर्षभर होता. भाडं त्या घराचं स्वस्त होतं. का ते मी आधी विचारलं नव्हतं.

विचारायचं कसं? "इथं पूर येतो का" असं विचारलं की सगळे "छे छे" म्हणतात. कोल्हापूर शहरात आणि आसपास असाल तर विचारा, "राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं की तुमच्या गल्लीत पाणी येतं?" पंचगंगेचं पाणी या बंधाऱ्यावर फुटात मोजतात: ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी, आणि २०१९ ला व २०२१ ला पाणी ५५ च्या पुढं गेलं होतं. नदीकाठच्या गल्लीतल्या माणसाला आपल्या दाराचा फूट तोंडपाठ असतो, तो खरं बोलून जातो. "आमच्यात पन्नासला" असं उत्तर आलं की समजा. दुसरी युक्ती पिठाच्या गिरणीची. गिरणीवाल्याला विचारा, "मोटर किती वेळा उचलली?" पुरात घर सोडल्याचं लोक विसरतील, पण जड मोटर वर काढल्याचं गिरणीवाला विसरत नाही. मग कागदावर निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी साधारण पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आतली जागा कितीही स्वस्त असो, रकानाच पुसून टाका. शिरोळमध्येसुद्धा सगळं सारखं नाही. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं जयसिंगपूर उंचावर, म्हणून नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या भावाशी त्याचा भाव जुळवायला जाऊ नये.

पूर घरात आला नाही तरी रस्त्यावर येतो. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी रस्त्यावर येतं, आणि भाच्याचा गडहिंग्लज-कागल रस्ता तिथनंच जाणार होता. तेवढ्या दिवसांची बिनपगारी त्याच्या रकान्यात नव्हती.

पश्चिमेकडच्या तालुक्यांत, गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगड, घरभाडं नगण्य असतं हे खरं. दरवर्षी मेअखेरीला कौलं चाळणं, पावसाच्या बाजूच्या भिंतीला प्लास्टिक ठोकणं, चार महिने न वाळणारे कपडे, आणि डॉक्टर गाठायला गाडीभाडं, हेही तितकंच खरं. नोकरी तिथंच असेल तर स्वर्ग आहे.

शेवटची कसोटी भाड्याची. त्याच घराचं वर्षाचं भाडं भागिले किंमत. कागलात तसल्याच घराला ७,००० भाडं सांगत होते, वर्षाचे ८४,०००, म्हणजे २८ लाखांवर ३ टक्के. हप्ता १९,०९६. घर घेऊच नका असं मी म्हणत नाही, पण घाई करायचं कारण त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून मी त्याला सांगितलं, अकरा महिन्यांचा करार कर, त्याच गल्लीत भाड्यानं राहा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढ. सुनेला कोल्हापूरची नोकरी आधी लागू दे. २२,००० अजून दवाखान्याच्या तोंडात आहेत, तिच्या खात्यात नाहीत.

मार्चमध्ये दोघं राहायला गेले. सून आता साडेसातच्या एसटीनं येते. वही तिच्याकडंच आहे, रकाने ती भरते. परवा भाच्याचा फोन आला.

"आत्ती, गिरणीवाल्याला इचारलं. मोटर कधीच उचलली न्हाई म्हणतोय."

"बरं झालं. आणि नळाचं?"

"येतंय की. पर टाकी पाचशे लिटरचीच हाय. म्हेवणा आला की दुपारी संपतीय."

"नवी टाकी कितीला पडते ते विचार," म्हटलं, "आणि मालकाच्या किमतीतनं वजा करून लिही."